प्रेमकथा म्हणून गेलो, निघाली फौजदारी: जुन्नरजवळच्या आकाशदर्शन कॅम्पबद्दल

पोस्टरवर लिहिलं होतं "आकाशातली अमर प्रेमकथा, प्रजापती आणि रोहिणी", खाली गुलाबी रंगात दोन हरणं आणि त्यांच्या मधे बदाम. आयोजकांचा सगळ्यात वाया गेलेला खर्च हा त्या पोस्टरचा, कारण रात्री जी गोष्ट सांगितली ती प्रेमकथा अजिबात नव्हती, आणि सांगणाऱ्या मॅडमनी माईक हातात घेतल्या घेतल्या पहिलं वाक्य टाकलं, "पोस्टर मी केलेलं नाही." तिथेच माझे अर्धे पैसे वसूल.

आयोजकांचं नाव लिहीत नाही, खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं मनाने चांगली वाटली. जागा जुन्नरच्या पुढे, नाणेघाटाच्या रस्त्याला आतमधे एका शेतावर. माणशी १८०० रुपये, त्यात रात्रीचं जेवण, तंबू, सकाळी चहा-पोहे. गाडी आपली आपण न्यायची. आम्ही तिघं गेलो होतो, मी, नवरा आणि सासूबाई, कार्तिक अमावस्येचा शनिवार होता. पोचल्यावर पहिली सूचना दुर्बिणीची नाही तर बिबट्याची, की अंधार पडल्यावर कुंपणाच्या बाहेर एकट्याने जायचं नाही, बाथरूमला पण दोघा-दोघांनी जायचं. जुन्नर तालुका म्हटल्यावर हे गंमत म्हणून सांगत नाहीत हे कळत होतं तरी एका ग्रुपने त्यावर रीळ बनवलीच.

आता आधी दुखणं सांगून टाकते. आकाश बघायला अंधार लागतो आणि डोळ्यांना त्या अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात, हे आयोजकांनी स्वतः सांगितलं, सगळ्यांच्या मोबाईलवर लाल जिलेटीन पेपर चिकटवायला दिला, छान. आणि मग स्वयंपाकघराबाहेरचा हॅलोजन चालूच. भाकऱ्या करणाऱ्या बायकांना दिसायला नको का, असं म्हणाले, ते पण खरंच, पण मग तिथे पडदा लावा, दिवा खाली वळवा, काहीतरी करा. जेवणं होईपर्यंत तो पिवळा झोत अर्ध्या मैदानावर होता आणि आम्ही तोंडं फिरवून बसलो होतो. सुदैवाने बघायचं होतं ते पूर्वेला आणि हॅलोजन होता पश्चिमेला.

मॅडम संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला माकडटोपी, खांद्यावर शाल, हातात हिरवा लेझर. आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. पोरं पुढे सतरंजीवर, आम्ही मागे खुर्च्यांवर. कृत्तिकांचा पुंजका आधीच वर आला होता आणि त्याच्या खाली एक तांबूस तारा, तिकडे लेझर नेऊन म्हणाल्या, ही रोहिणी, हिच्याकडे नीट बघून ठेवा, बाकीचे यायचेत अजून.

बाकीचे म्हणजे कोण, तर हीच त्या कार्यक्रमाची खरी युक्ती. गोष्ट एका दमात सांगून मोकळ्या झाल्या नाहीत. पात्रं जशी उगवतील तशी गोष्ट पुढे सरकायची. नोव्हेंबरच्या शेवटाला, डिसेंबरच्या सुरुवातीला अंधार पडता पडता रोहिणी पूर्वेला दिसते, साडेसातच्या आसपास मृगाचे तीन तारे डोंगरावर येतात आणि नऊ वाजून गेले की व्याध. साधारण दीड-दीड तासाच्या अंतराने एकेक. मधल्या वेळात चहा, शेंगदाणे, प्रश्नोत्तरं. इतकी साधी आयडिया, पण मी आजवर जी आकाशदर्शनं बघितलीत त्यात सगळीकडे मृग डोक्यावर आल्यावर "हा बघा शिकारी, हा त्याचा पट्टा" करून पुढच्या ताऱ्यावर उडी मारतात. शिकारी ही ग्रीकांची गोष्ट. आपल्याकडे ते हरीण आहे, आणि शिकारी वेगळाच, तो मागून येतो.

गोष्ट ऐतरेय ब्राह्मण नावाच्या, ऋग्वेदाला जोडलेल्या जुन्या ग्रंथातली. प्रजापती म्हणजे सगळ्या प्रजेचा बाप, जे काही जिवंत आहे ते त्याने निर्माण केलेलं. त्याचं मन स्वतःच्याच मुलीवर गेलं. मॅडमनी इथे ओळच म्हणून दाखवली, "प्रजापतिर्वै स्वां दुहितरमभ्यध्यायत्", आणि मुलगी कोण यावर त्या ग्रंथातच दोन मतं आहेत म्हणे, कोणी म्हणतात ती द्यौ म्हणजे आकाश, कोणी म्हणतात उषा. ती लाल हरिणी झाली, तीच ही रोहिणी, तर हा हरीण होऊन तिच्याकडे गेला. समोर सात-आठ वर्षांची पोरं बसलेली, त्यामुळे मी जरा सावरून बसले की आता बाई काय करणार. बाईंनी काहीच केलं नाही, सरळ सांगितलं. "त्याला ती बायको म्हणून हवी होती, आणि तो तिचा बाप होता. चालेल का?" पोरं एका सुरात, "नाहीऽऽ." झालं. आम्ही मोठी माणसं उगाच घाम फोडून घेतो.

मागून एक काका उठले. "अहो मॅडम, आपल्याच देवाची अशी बदनामी कशाला, लहान मुलं बसलीत." आवाज चढलेला नव्हता, पण दुखावलेला होता. मॅडम म्हणाल्या, "मी नाही हो केली, देवांनीच केली. ऐका तर पुढचं." आणि पुढची ओळ, "अकृतं वै प्रजापतिः करोति", जे कुणी कधी केलं नाही ते हा करतोय, असं देव एकमेकांना म्हणाले. झाकलं नाही, बाप आहे, मोठा आहे, घरातली गोष्ट घरात ठेवा, असं कोणी म्हणालं नाही. याला शिक्षा कोण करणार ते शोधायला लागले तर एकट्यादुकट्यात तेवढी ताकद कोणाचीच नाही, कारण समोर निर्माताच. मग प्रत्येकाने आपलं सगळ्यात भयंकर रूप काढून एकत्र ठेवलं आणि त्यातून जो उभा राहिला तो रुद्र.

मला ही गोष्ट थोडीफार माहिती होती पण हा तुकडा माहिती नव्हता. म्हणजे रुद्र आधीपासून तयार बसलेला नाही, तो या एका कामासाठी घडवलाय. आणि तो पण फुकट काम करत नाही बरं का, आधी वर मागतो, पशूंचं स्वामित्व मला द्या. देव म्हणतात घे. म्हणून पशुपती. मग बाण.

इथे मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या चहा घ्या, कारण हरीण अजून उगवायचंय. सगळ्यांनी "काय हो" केलं. पण खरंच दहा-पंधरा मिनिटांनी डोंगराच्या रेषेवर एक तारा, मग त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा. उगवताना ते तीन तारे बऱ्यापैकी उभे असतात, आडवे नाहीत, हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. बाण तीन कांडांचा होता असं ग्रंथात आहे, इषु त्रिकांड, तो हाच, हरणाच्या पोटात घुसलेला. चार बाजूंचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, त्यातला एक तांबडा, काक्षी, बीटलज्यूस हो, जो २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला एवढा मंद झाला होता की आता फुटतोय की काय म्हणून बातम्या आल्या होत्या, नंतर कळलं की त्याच्यातूनच बाहेर पडलेली धूळ आडवी आली होती. आणि वरती बारीक तीन तारे जवळजवळ, ते हरणाचं डोकं, मृगशीर्ष. मार्गशीर्ष महिना त्याच्यावरून.

सासूबाई तोपर्यंत शाल गुंडाळून गप्प बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मृगाचा पाऊस म्हणतात तो मृग हाच का हो?" त्यांच्या माहेरी मृग म्हणजे पेरणी, ७ जून. मॅडमना प्रश्न फार आवडला. हाच, पण जूनमधे सूर्य स्वतःच त्या नक्षत्रात असतो म्हणून तेव्हा मृग दिसत नाही, दिवसा सूर्याबरोबर उगवतो आणि मावळतो. ज्या वेळी सगळा महाराष्ट्र मृगाचं नाव घेत असतो त्या वेळी तो आकाशात बघायला मिळत नाही, आणि ज्या वेळी दिसतो त्या वेळी कोणाला त्याचं काही पडलेलं नसतं. सासूबाई म्हणाल्या, "बघा आता, सत्तर वर्षं नुसतं नावच ऐकत होते." नंतर त्या आमच्याआधी पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

मग तो प्रश्न आला ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. पुढच्या सतरंजीवरची एक मुलगी, दोन वेण्या, हातात पार्ले-जी, म्हणाली, "पण रोहिणीने काय केलं?"

प्रश्न बरोबर होता. प्रजापतीला इच्छा झाली, देवांना राग आला, रुद्राला वर मिळाला, बाण सुटला, आणि जिच्यावरून हे सगळं झालं ती हरिणी होण्यापलीकडे या गोष्टीत एक अक्षर बोलत नाही. मॅडम म्हणाल्या, "या ग्रंथात ती काही बोलत नाही. दुसऱ्यात बोलते." आणि बृहदारण्यक उपनिषदातली गोष्ट सांगितली. तिथे सुरुवातीला एकटाच आत्मा, पुरुषाच्या आकाराचा. त्याला एकट्याला करमेना, म्हणून त्याने स्वतःचेच दोन भाग केले, त्यातून पती आणि पत्नी. दोघं एकत्र आली, त्यातून माणसं जन्माला आली. आणि मग ती मनात म्हणते, मला स्वतःतूनच निर्माण करून हा माझ्याजवळ येतोच कसा, चला, मी लपते. आणि ती गाय होते. हा बैल होतो. ती घोडी होते, हा घोडा. ती गाढवी, हा गाढव. ती शेळी, हा बोकड. ती मेंढी, हा मेंढा. असं करत करत थेट मुंग्यांपर्यंत, जेवढ्या म्हणून जोड्या आहेत तेवढ्या सगळ्या त्या पळापळीतून झाल्या.

पोरांना हे प्रचंड आवडलं, ती गाय झाली हा बैल झाला असं ओरडून सांगायला लागली, पुढचा प्राणी कोणता त्याची पैज, कोणीतरी डायनासोर पण घुसवला. मला मात्र त्या एका वाक्याने धरून ठेवलं. हा मला निर्माण करून माझ्याजवळ येतोच कसा. एवढ्या जुन्या ग्रंथात तिच्या तोंडी हे वाक्य आहे आणि आम्हाला शाळेत, कीर्तनात, टीव्हीवर कुठेच कोणी ऐकवलं नाही. आणि गंमत बघा, जिथे ती बोलते तिथे त्याला शिक्षा करायला कोणी येत नाही, आणि जिथे शिक्षा होते तिथे ती बोलत नाही. हे मी जेवताना मॅडमना म्हटलं तर म्हणाल्या, "म्हणून दोन्ही सांगते. एक सांगितली की अर्धीच होते." पोस्टरवाल्यांनी ही बाई नीट ऐकली असती तर बदाम काढला नसता.

जेवणानंतर परत बाहेर आलो तेव्हा व्याध, म्हणजे गोष्टीतला बाण मारणारा रुद्र, वर आला होता. तो ओळखायला लेझर लागतच नाही, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, क्षितिजाजवळ असल्यामुळे निळा-पांढरा-लाल असा लुकलुकत होता. तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणीच्या जवळ. म्हणजे बाण कुठून आला आणि हरीण कोणाच्या मागे होतं ते एकाच रेषेत लिहून ठेवलंय. आकाश फिरतं तसं हे तिघं पण फिरतात, रोहिणी नेहमी पुढे, तिच्या मागे मृग, त्याच्या मागे व्याध, आणि अंतर तेवढंच राहतं. ती वेणीवाली मुलगी म्हणाली, "म्हणजे तो कधीच पोचत नाही." मॅडम म्हणाल्या, "नाही पोचत." तेवढंच. त्याच्यावर प्रवचन नाही, हे फार बरं केलं.

कोणीतरी विचारलं, रोहिणी तर चंद्राची लाडकी बायको ना, दक्षाने त्याला शाप दिला ती? तीच. सत्तावीस बायकांत हिच्याकडेच जास्त राहतो म्हणून चंद्राला क्षय. मग ती प्रजापतीची मुलगी कशी? यावर मॅडम हसून म्हणाल्या की एका ताऱ्याला एकच गोष्ट असा काही नियम नाही. मला हे उत्तर जरा पळवाट वाटलं, पण दुसरं उत्तर असेल असंही वाटत नाही.

पुराणातलं रूप त्यांनी थोडक्यात उरकलं आणि ते ठीकच होतं. तिथे प्रजापतीचा ब्रह्मदेव होतो आणि मुलगी शतरूपा. ती त्याला प्रदक्षिणा घालायला लागते, ह्याला मान वळवून बघायची लाज वाटते म्हणून ती ज्या बाजूला जाईल त्या बाजूला एक तोंड फुटतं, अशी चार, आणि ती वर गेली तर वर पाचवं. ते पाचवं पुढे शंकराने नखाने उडवलं अशीही कथा आहे. त्या काकांनी लगेच विचारलं की म्हणून ब्रह्मदेवाची देवळं नाहीत का? कमी आहेत, नाहीत असं नाही, पुष्करचं तर सगळ्यांना माहिती, गोव्यात सत्तरीत ब्रह्मकरमळीला आहे. आणि देवळं कमी असण्याची कारणं वेगवेगळ्या पुराणांत वेगवेगळी, कुठे सावित्रीचा शाप, कुठे शंकरापुढे खोटं बोलला म्हणून. काका आता बऱ्यापैकी रमले होते, वहीत लिहून घेत होते. मला स्वतःला चार तोंडांची गोष्ट चित्रासारखी डोळ्यांपुढे येते पण हरणाची जास्त धारदार वाटते, कारण पहिलीत निर्मात्याला लाज वाटून तोंडं फुटतात, दुसरीत त्याला जबाबदार धरतात.

इथपर्यंत पाचपैकी पाच. आता खाली येऊ.

दुर्बिणींचा भाग ठीकठाक. आठ इंची डॉब्सोनियन एक, आणि एक छोटी ट्रायपॉडवरची, आणि माणसं चाळीसच्या वर. रांग म्हणजे गणपतीत लालबागला असते तशी, पुढे सरकतच नाही, आणि नंबर आला की मागचे "झालं का, झालं का". दुर्बीण चालवणारा मुलगा उत्साही होता, बिचारा एकटाच दोन्हीकडे धावत होता. मृगाच्या बाणाखाली जो धूसर ठिपका आहे तो तेजोमेघ दाखवला, एम ४२, साधारण १३०० प्रकाशवर्षांवर, तिथे आत्ता या घडीला नवीन तारे तयार होतायत. बघणाऱ्या निम्म्या लोकांचा चेहरा पडला, कारण ग्रुपवर पाठवलेल्या फोटोत तो गुलाबी-जांभळा होता आणि प्रत्यक्षात राखाडी धुराचा फुगारा दिसतो, फार तर किंचित हिरवट. डोळ्याला एवढ्या मंद उजेडात रंग दिसत नाहीत, कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवतो म्हणून त्याला दिसतात. हे आधी सांगा ना, फोटो पाठवताना. मला तो राखाडीच आवडला, मधले चार बारीक तारे एकमेकांना चिकटून बसलेले स्पष्ट दिसले, पण अपेक्षा वाढवून ठेवली की माणसाला समोरचं चांगलं पण थोडं वाटतं.

त्या मुलाने एक भारी गोष्ट जोडायचा प्रयत्न केला. ऐतरेयातच पुढे आहे की बाण लागल्यावर प्रजापतीचं वीर्य वाहिलं, त्याचं सरोवर झालं, देव म्हणाले हे वाया जाता कामा नये, आणि माणसाचं नाव त्याच्याशी जोडलंय. तर मुलगा म्हणाला, बघा, बाणाच्या खालीच तेजोमेघ आणि तिथेच तारे जन्मतात, आपल्या पूर्वजांना हे माहिती होतं! टाळ्या पडल्या. मॅडमनी खुर्चीवर बसल्या बसल्या सांगितलं, "हे तू जोडलंस रे बाळा, छान जोडलंस, पण ग्रंथात नाहीये." त्याने पण "हो मॅडम, माझंच" म्हणून मान्य केलं. सध्याच्या वातावरणात असं बोलणारं कोणी भेटणं म्हणजे ह्या कॅम्पचं खरं आकर्षण, माझ्या मते दुर्बिणीपेक्षा जास्त.

सगळ्यात फसलेला भाग म्हणजे अकरानंतरचं प्रेझेंटेशन. विषय चांगला, लोकमान्य टिळकांचं १८९३ चं 'ओरायन' (म्हणजे मृग) हे पुस्तक. पण ऐन अमावस्येच्या रात्री, डोळे अंधाराला सरावलेले असताना, प्रोजेक्टर लावून पांढऱ्या चादरीवर स्लाइड्स! अर्ध्या मिनिटात सगळ्यांचे डोळे बाद. सांगणारा तिसराच माणूस, स्लाइडवरचं वाचून दाखवत होता आणि मधेमधे अभिमान. मुद्दा खरं तर अंगणात उभं राहून हाताने दाखवता येण्यासारखा आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एक फेरी साधारण २६००० वर्षांची, म्हणून वसंतसंपाताच्या दिवशी (मार्चमधे दिवस आणि रात्र सारखे होतात तो दिवस) सूर्य ज्या ताऱ्यांपाशी असतो ती जागा दर ७२ वर्षांनी साधारण एक अंश मागे सरकते. आज ती मीन राशीत आहे. मागे मागे गेलं की एके काळी कृत्तिकांपाशी, त्याआधी रोहिणीपाशी आणि त्याच्याही आधी मृगापाशी. वेदांत मृगाला जो मान आहे तो त्या काळातला, असं धरून टिळकांनी वेदांचा काळ इ. स. पू. ४००० च्या आसपास मागे नेला. ब्राह्मणग्रंथांत प्रजापती म्हणजे संवत्सर, वर्ष, असंही म्हटलंय, म्हणून काही जण या गोष्टीचा असा अर्थ लावतात की वर्षाची सुरुवात आपली जागा सोडून रोहिणीकडे सरकायला लागली, आणि ते "न करण्यासारखं" होतं.

हा अर्थ हुशार आहे, बसतो पण छान. पण मला तो ऐकताना थोडं खटकलं. कारण एकदा का प्रजापती म्हणजे वर्ष आणि रोहिणी म्हणजे नक्षत्र झालं की गोष्टीतला बाप जातो आणि मुलगी जाते, उरतं फक्त गणित, आणि सगळ्यांना हायसं वाटतं. त्या काकांना तर फारच. "म्हणजे तसं काही नव्हतंच," असं म्हणाले. आणि टिळकांचा तो काळ आजचे सगळे अभ्यासक मानतात असंही नाही, बहुतेक जण वेदांना बराच नंतरचा काळ देतात, हे स्लाइडवर कुठे नव्हतं. मॅडम तोपर्यंत झोपायला गेल्या होत्या, नाहीतर मजा आली असती.

बाकी भराभर. जेवण उत्तम, पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, गरम भात, आग्रह करून वाढलं. तंबू कोरडे होते, गाद्यांना कुबट वास, उशा आपल्या न्या. दव भयंकर पडतं, बाराला खुर्च्या ओल्या, दुर्बिणीची काच धुरकटली म्हणून शेवटचा तास तसाच गेला. बाथरूम दोन, स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहानंतर. मागच्या तंबूतली मंडळी ब्लूटूथ स्पीकर घेऊन आली होती, आयोजकांनी एकदा सांगितल्यावर बंद केला, याबद्दल मार्क. ढग आले तर पैसे परत नाहीत पण पुढची तारीख देतात असं लिहिलंय, आम्हाला गरज पडली नाही.

लहान मुलांना न्यावं का असं बहिणीने विचारलं, तर माझं म्हणणं, बेधडक न्या, आठ वर्षांच्या पुढची असली की झालं. त्यांना काही होत नाही, अवघडतो आपणच. फक्त आयोजकांनी जाहिरातीत गोष्ट कशाबद्दल आहे ते दोन ओळींत लिहायला हवं, "सहकुटुंब प्रेमकथा" वाचून आलेल्या एका जोडप्याचा हनिमूनचा मूड गेला होता हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जायचं असेल तर फोन करून आधी एवढंच विचारा की गोष्ट सांगायला मॅडम आहेत ना, कारण त्या दर वेळी येत नाहीत आणि त्या नसतील तर १८०० रुपये जास्त आहेत, तेवढ्यात चांगला बायनॉक्युलर घ्यायला थोडे पैसे बाजूला पडतील. तारीख नोव्हेंबरची शेवटची किंवा डिसेंबरची पहिली अमावस्या मागा. फेब्रुवारीची देऊ केली तर नको म्हणा, तेव्हा अंधार पडतो तोच तिघंही वर आलेले असतात, आकाश सुंदर दिसेल पण एकामागून एक उगवणं बघायला मिळणार नाही. आणि प्रोजेक्टर लावलाच तर त्याच्याकडे पाठ करून बसा, दक्षिणेला अगस्तीचा तारा वर येत असतो तोपर्यंत.